जुनी बुलेट घेऊन बावड्याचा घाट: आपल्याकडं आधी उतार असतो

घाटात गाडी कशी चालवायची हे सांगणारे लई आहेत, पण बहुतेकांचा घाट खालनं सुरू होतो. पायथ्याला चहा प्यायचा, गाडी वर चढवायची, वर फोटो काढायचे आणि मग जमलं तर उतरण्याबद्दल दोन ओळी. आपलं कोल्हापूरकरांचं उलटं आहे. आपण आधीच साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर बसलोय, त्यामुळं आंबा घ्या, अणुस्कुरा घ्या, फोंडा घ्या नाहीतर आपला गगनबावडा घ्या, कोकणाकडं तोंड केलं की घाट सकाळी सकाळी उतरायचा असतो आणि संध्याकाळी, आपण दमलेलो, गाडी तापलेली, पोटात मासे आणि सोलकढी, तवा चढायचा असतो. म्हणून मी पण त्याच क्रमानं सांगतो, आधी उतार मग चढ.

गाडी माझी नव्हे, चुलत्यांची. ऐंशीच्या दशकातली बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, पॉइंटवाली (म्हंजे उघडमीट करून प्लगची ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट), पुढं-मागं ड्रम ब्रेक. ज्यांच्याकडं दोन डिस्क आणि एबीएसवाली नवी गाडी आहे त्यांनी हे वाचून हसावं आणि पुढं जावं. यझदी-जावा आणि राजदूतवाल्यांनी मात्र वाचा, तुमच्यासाठी मधी एक वेगळीच भानगड सांगितलीय.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. जुनी बुलेट घाटात ताकदीला कमी पडत नाही. ३४६ सीसीचं इंजिन, बोअर ७० मिलीमीटर आणि स्ट्रोक ९०, एवढा लांब स्ट्रोक असल्यावर कमी आरपीएमला पण ती ओढती, दोन माणसं आणि पिशवीभर आंबे घेऊन ती गगनबावड्याखालचा करूळ घाट चढून येती. कमी पडतो तो ब्रेक. म्हणून जुन्या गाडीवर घाटातला वेग ब्रेकच्या भरवशावर नाही ठरवायचा, गिअरच्या भरवशावर ठरवायचा. ब्रेक शिल्लक ठेवायचा, अचानक म्हैस आडवी आली तर.

निघायच्या आधी

पहिलं काम ब्रेक, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

ड्रम ब्रेक सारखा दाबून तापला की ड्रम फुगतो, आतले शू, म्हंजे ड्रमला आतनं घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, जागेवरच राहतात आणि दोघांतलं अंतर वाढतं. वर शूवरच्या तापलेल्या लायनिंगची पकड पण उतरती. मग लिव्हर हळूहळू हँडलकडं यायला लागतो. पहिल्या चार वळणांना कळत पण नाही, पाचव्याला वाटतं आज जरा जास्त दाबावा लागतोय, आणि सातव्या-आठव्याला बोटं हँडलला टेकलेली असतात आणि गाडी मात्र आपली चाललीय. बुलेटचा पुढचा ड्रम सहा इंची, त्यात त्याला माणसाएवढं वजन आणि वरनं दीडशे किलोच्या वरची गाडी थांबवायची. त्याला दोष देऊन उपयोग नाही, तो बिचारा त्याच्या काळाच्या रस्त्यांसाठी केलेला आहे.

पण आहे तोच ब्रेक नीट लावला तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. शू काढून बघा, वर चकाकी आली असेल तर पॉलिशपेपरनं ती मोडा, धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेक दाबल्यावर हँडल किंवा पॅडल लयीत ढकलल्यासारखं हाताला-पायाला लागत असेल तर ड्रम ओव्हल झालाय. इथं कोल्हापुरात राहायचा फायदा कळतो. फाउंड्र्यांचं गाव आपलं, उद्यमनगरात लेथ नाही असा बोळ सापडायचा नाही, ड्रम चाकासकट लेथवर लावून एक हलका कट मारून मिळतो. हलकाच मारायला सांगा. जास्त कट मारला की ड्रम पातळ होतो आणि पातळ ड्रम लवकर तापतो, म्हंजे आगीतून फुफाट्यात.

मग चाक बसवताना एक ट्रिक आहे, आमच्या मिस्त्रीनं दाखवलेली. आसाचा नट पुरा आवळायचा नाही, आधी पुढचा ब्रेक कच्चून दाबून धरायचा, कुणाला तरी धरायला लावा, आणि दाबलेलाच ठेवून नट आवळायचा. त्यानं शू ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतात, दोन्ही शू सारखे घासतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि लिव्हर एकदम टणक होतो. दुसरं, ब्रेक पुरा लागलेला असताना केबल आणि ब्रेकचा आर्म (केबल ओढती ती ड्रमबाहेरची दांडी) यांच्यात साधारण काटकोन पाहिजे. लायनिंग झिजलं की लोक नुसतं अ‍ॅडजस्टर आवळत जातात, आर्म पुढं झुकत जातो, काटकोन मोडतो आणि मग हातानं कितीबी जोर लावा तो शूपर्यंत पोचतच नाही. तसं झालं असेल तर आर्म काढून एक दाता मागं घ्या, नाहीतर नवीन शू घाला.

बाकीचं पटापट सांगतो. टायर बुलेटचा ३.२५ बाय १९, हवा मी एकटा असलो की पुढं २० आणि मागं २८ पीएसआय ठेवतो, डबल सीट असलं की मागं ३०-३२. टायरची नक्षी शिल्लक दिसती म्हणून तो चांगला असं नसतं, जुन्या गाड्या उभ्याच जास्त असतात, रबर दगड होतं, बाजूला बारीक भेगा दिसल्या की टायर बदला, पावसात त्या टायरवर घाटात जाणं म्हंजे साबणावर नाच. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलीमीटर. क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरची जादा केबल पिशवीत नाही ठेवायची, चालू केबलच्या शेजारनंच टेपनं चिकटवून ठेवायची, तुटली की दोन टोकं जोडली की झालं, पावसात टाकी काढत बसायला नको. पाने घेताना नुसते मिलीमीटरचे घेऊ नका, जुन्या बुलेटला बरेच नट इंची मापाचे आहेत, १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाची डोकी गोल करून जातो.

आणि पेट्रोलची पाईप. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, पाईप फुगती, मऊ पडती, टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे वॉशर गळायला लागतात. म्हंजे बघा, आपल्याच पंचगंगेच्या पाण्यावरचा ऊस, आपल्याच कारखान्यातलं इथेनॉल आणि ते आपल्याच बुलेटची पाईप खातंय. इथेनॉलला चालणारी नवी पाईप घाला आणि टाकीत महिना महिना पेट्रोल ठेवू नका, हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतनं गंजती.

बावड्यापर्यंत

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. बालिंगा, कळे, असळज करत रस्ता जातो आणि ह्या सगळ्या पट्ट्यात हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्या पण दोन दोन जोडलेल्या. मागच्या ट्रॉलीला लाईट नसतो, असला तर तो वरच्या उसात झाकलेला असतो, आणि रस्त्यावर सांडलेल्या पाल्यावर चाक गेलं की गाडी सरकती. हिवाळ्यात अंधारात निघायचा मोह होतो कारण गारवा भारी असतो, पण मी उजाडल्याशिवाय निघत नाही.

हे ५५ किलोमीटर फुकट घालवू नका. गाडीची तब्येत इथंच बघून घ्यायची. मोकळा रस्ता बघून तिसऱ्यावरनं दुसऱ्यावर चार-पाच वेळा उतरा, गिअर नीट पडतोय का बघा, ब्रेक एकदा जोरात मारून बघा, गाडी एका बाजूला ओढती का बघा. जे काय वाकडं आहे ते कळ्यात कळलेलं बरं, करूळात नको.

बावड्यात चहा घ्या. गगनगडाखाली जे थंड वारं सुटतं त्यात पाच मिनिटं उभं राहिलं की इंजिन पण जरा शांत होतं आणि माणूस पण. तेवढ्यात दोन्ही ड्रमना बोट लावून बघा, सपाट रस्त्यावर जर ड्रम चटका देत असेल तर ब्रेक घासत चाललाय, तो तिथंच ढिला करा. आता पुढं दोन फाटे आहेत, एक करूळ घाट वैभववाडीकडं आणि दुसरा भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. पहिल्यांदा जाणाऱ्यानं करूळनं उतरावं, तो रुंद आहे. भुईबावडा अरुंद, वळणं आंधळी, रहदारी कमी म्हणून लोक त्याला सोपा समजतात आणि मधीच वळणावर एसटी समोर आली की देव आठवतो.

उतार

ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुना ड्रायव्हर लोकांचा हिशेब, आणि तो जुन्या बुलेटला बरोबर लागू पडतो. करूळला म्हंजे जास्त करून दुसरा, मधल्या लांब तुकड्यात तिसरा, आणि एकदम आखडलेल्या वळणाला आधीच दुसरा टाकलेला पाहिजे. अ‍ॅक्सिलेटर सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, फट फट फट असा तो आवाज दरीत घुमतो आणि खरं सांगू, बुलेट घ्यायची ती त्या आवाजासाठीच. न्यूट्रल करून, इंजिन बंद करून, पेट्रोल वाचवत उतरणारे महाभाग अजून दिसतात. त्यांना हात जोडतो.

ब्रेक सारखा हलका दाबून धरू नका, त्यानंच ड्रम तापतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदा दमदार दाबायचे, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचे. सोडला की ड्रमला हवा लागायला वेळ मिळतो. वळणात आडवी झालेली असताना ब्रेक मारायला लागला तर समजायचं वेग आधीच चुकलाय, पुढच्या वळणाला तो कमी करायचा. आणि वळणात शिरलं की अ‍ॅक्सिलेटर अगदी किंचित उघडा ठेवायचा, गाडी ओढली जातीय एवढाच, त्यानं ती डगमगत नाही.

आता उजव्या पायाच्या गिअरची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि मी अंगावर घेऊन शिकलो. जुन्या बुलेटचा गिअर एक वर आणि तीन खाली. म्हंजे पहिला वर उचलायचा आणि दुसरा, तिसरा, चौथा खाली दाबायचा. मी त्या आधी कॉलेजभर दुसरी गाडी चालवलेली, तिचा ब्रेक उजव्या पायाला. बुलेट घेऊन करूळ उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणाला समोर माकडांचं कुटुंब रस्त्यात बसलेलं, लोकं त्यांना बिस्किटं टाकतात म्हणून ती कठडा सोडून रस्त्यावरच मुक्कामाला असतात. मी घाबरलो आणि सवयीनं उजवा पाय खाली हाणला. बुलेटवर उजवा पाय खाली म्हंजे वरचा गिअर! दुसऱ्यावर होतो तो तिसऱ्यावर गेलो, इंजिनाची पकड सुटली आणि गाडी थांबायची सोडून पुढं धावली. माकडं हुशार, ती पळाली. मी साईडपट्टीवरच्या खडीत गाडी घातली आणि गुडघा फोडून घेतला. चूक गाडीची शून्य, पायाची शंभर टक्के.

त्यामुळं उजव्या गिअरची गाडी नवीन हातात आली असेल तर घाटात न्यायच्या आधी एक महिना गावात चालवा, आणि ती चालवत असताना दुसरी गाडी शक्यतो हातातच घेऊ नका. पन्हाळ्यावर आठ-दहा खेपा करा, जोतिबाला जा, छोटी वळणं आणि छोटा चढ, चुकलं तरी घर जवळ. डोळे मिटून खुर्चीत बसा आणि कुणाला तरी ब्रेक म्हणून ओरडायला लावा, डावा पाय हलला की तुम्ही तयार. हसू नका, मी हे केलंय, बायकोनं ओरडायचं काम लई आवडीनं केलं.

याच गिअरबॉक्सची दुसरी सवय म्हंजे दोन गिअरच्या मधी फॉल्स न्यूट्रल सापडणं. गिअर टाकलाय असं वाटतं, क्लच सोडतो, आणि गाडी मोकळीच. सपाटीवर हसू येतं, उतारावर येत नाही. उपाय एवढाच की गिअर घाईत टाकायचा नाही. तिसऱ्यावरनं दुसऱ्याला येताना क्लच दाबा, अ‍ॅक्सिलेटर थोडा उघडा, पाय पुरा वर उचला, अर्धवट नाही, आणि क्लच पुरा सुटेपर्यंत पाय लिव्हरखालीच ठेवा. आणि हे सगळं वळणाच्या निदान पन्नास पावलं आधी संपलेलं पाहिजे. गाडी मोकळी सुटलीच तर गिअर शोधत बसू नका, आधी दोन्ही ब्रेकनं वेग उतरवा, मग गिअर.

वळण घ्यायचं कसं यावर लोक आकृत्या काढून सांगतात. माझा हिशेब साधा आहे, रस्ता जिथं डोळ्याआड होतो तिथं नजर ठेवायची. ती जागा आपल्याकडं सरकत असेल तर वळण आखडतंय, वेग कमी. ती आपल्यापासनं लांब पळायला लागली तर वळण उघडतंय, आता अ‍ॅक्सिलेटर द्यायला हरकत नाही. डावं वळण असेल तर आपल्याच लेनच्या उजव्या अंगाला राहून शिरायचं म्हंजे लांबचं दिसतं, पण मधली रेघ ओलांडायची नाही, डोकं पण रेघेच्या पलीकडं झुकलेलं नको, समोरनं येणाऱ्या एसटीचा आरसा बरोबर त्या उंचीला असतो. उजव्या वळणाला लेनच्या डाव्या बाजूनं शिरायचं, पण अगदी कडेला नको, तिथं डोंगरातनं आलेली खडी आणि जांभ्याचा लाल चिखल असतो. आणि बुलेट लई आडवी पाडायच्या भानगडीत पडू नका. उजवीकडं सायलेन्सर टेकतो, डावीकडं स्टँड. टेकल्यावर ठिणग्या भारी दिसतात, पण स्टँड टेकलं की मागचं चाक उचललं जातं.

हॉर्न वाजवा. बारीक पी पी नाही, आंधळ्या वळणाच्या आधी चांगला लांब. आणि अरुंद जागी समोरनं चढत येणारी गाडी दिसली तर थांबा, उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियमच आहे, लोड असलेला ट्रक चढावर एकदा थांबला की त्याला परत उचलायला किती त्रास होतो ते ड्रायव्हरलाच ठाऊक. वळणाच्या पोटात काळा चकाकता डाग दिसला तर ते डिझेल, भरलेल्या टाकीतनं वळणावर सांडतं. त्यावर ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलेटर नाही, गाडी सरळ करून नुसतं तरंगत जायचं.

पावसाळ्यात सांगायची गरज नाही, गगनबावडा म्हंजे पावसाचं माहेर. धुकं असलं की वेग एवढाच, जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. रस्त्यावरनं वाहतं पाणी ओलांडलं की ड्रममधी पाणी शिरतं आणि पुढच्या वळणाला ब्रेक गायब असतो, म्हणून पाणी ओलांडल्यावर लगेच सरळ रस्त्यावर ब्रेक हलका दाबून शंभर-दोनशे मीटर चालवा, ड्रम तापून सुकतो. सारखा ब्रेक दाबून धरायची परवानगी एवढ्यापुरतीच. झाडाखालच्या सावलीत शेवाळ असतं ते हिरवं दिसतच नाही, काळंच दिसतं.

यझदी-जावावाल्यांसाठी

माझ्या मित्राकडं यझदी रोडकिंग आहे, २५० सीसी, टू स्ट्रोक, दोन सायलेन्सर. आम्ही दोघं मिळून जातो आणि चढावर तो मला टांग मारून पुढं जातो, पण उतारावर त्याचं दुखणं वेगळं. टू स्ट्रोकला इंजिनात ऑईल जातं तेच पेट्रोलमधनं. म्हंजे अ‍ॅक्सिलेटर पुरा बंद करून गिअरमध्ये लांब उतार उतरलात तर इंजिन जोरात फिरतंय पण त्याला पेट्रोलबरोबर येणारं ऑईल जवळजवळ मिळतच नाही. पिस्टन कोरडा फिरतो, आणि मग एक दिवस चर्र करून जाम होतो, मागचं चाक लॉक. म्हणून टू स्ट्रोकवाल्यानं दर काही सेकंदांनी अ‍ॅक्सिलेटर थोडा उघडून सोडायचा, इंजिनाला एक घोट पाजायचा. मित्र लिटरभर पेट्रोलला ४० मिली टूटी (टू स्ट्रोकचं) ऑईल घालतो, धूर होतो, मी त्याच्या मागं राहत नाही. उतारावर त्याची दोन बोटं कायम क्लचवर असतात, इंजिन अडकल्यासारखं वाटलं की लगेच क्लच, बाकी विचार नंतर. आणि टू स्ट्रोक इंजिन बुलेटएवढं गाडीला धरत पण नाही, त्यामुळं ब्रेकचं वर जे लिहिलं ते यझदीला दुप्पट लागू.

खाली

वैभववाडीत गाडी लावली की लगेच ड्रमवर पाणी मारू नका, तापलेल्या लोखंडावर गार पाणी म्हंजे तडा. चेन बघा, सैल वाटली तर ताणा, पण आपण गाडीवर बसल्यावर ताण बघायचा. आणि जेवण मापात. सुरमईचं ताट संपवून दुपारी दोनला घाटाला लागलं की डोळ्यावर जी पेंग येती ती कुठल्याबी इंजिनच्या आवाजानं जात नाही. मी तासभर कुठल्यातरी झाडाखाली आडवा होतो, लाज वाटून घेत नाही.

चढ

बुलेटवाल्यांची मोठी हौस म्हंजे वरच्या गिअरमध्ये डुगडुग करत चढायचं. बघा कशी तिसऱ्यावर ओढती म्हणून सांगायचं. ओढती हो, पण आत काय चाललंय ते बघा. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंग नाही तर बुश आहे आणि तो बुश जगतो ऑईलच्या पातळ थरावर. ऑईलचा पंप इंजिनच्याच फिरण्यावर चालतो, इंजिन हळू फिरलं की ऑईल कमी, आणि नेमकं तेव्हाच पिस्टन सगळा जोर लावून हाणतोय. आमच्या मिस्त्रीचं म्हणणं, "बुलेट पळवून कमी मरती, रडवून जास्त मरती." इंजिन जड वाटायला लागलं, हँडलमधी हादरे यायला लागले की खालचा गिअर टाका, इंजिनाला जरा मोकळं फिरू द्या. खट खट असा धातूचा आवाज चढावर येत असेल तर टाइमिंग पुढं आहे (ठिणगी लवकर पडतीय) किंवा इंजिन लई तापलंय, दोन्हीत अ‍ॅक्सिलेटर पिळून उपयोग नाही.

आखडलेल्या वळणाला क्लच अर्धा दाबून रेस देत चढू नका, क्लचप्लेटा जळतात आणि तो वास घरापर्यंत सोबत येतो. पहिला टाका, लाज कसली. ट्रकच्या मागं अडकलात तर त्याच्या अगदी बुडाला लागू नका, अंतर ठेवा म्हंजे तो वळणावर थांबला तरी आपण चालते राहतो आणि इंजिनाला वारं लागतं. इंजिनाला गार करायला वाऱ्याशिवाय दुसरं कोण नाही. अर्ध्या घाटात जागा बघून दहा मिनिटं थांबलं तर बिघडत नाही, पण वळणावर नाही, जिथं दोन्हीकडनं आपण दिसतो तिथं.

आणि चढावर बंद पडली तर? पडतीच कधीतरी. घाबरायचं नाही. आधी गाडी गिअरमध्येच राहू द्या, ती मागं घरंगळत नाही, आणि डाव्या कडेला लागा. किक उजव्या बाजूला आहे, त्यामुळं डावा पाय जमिनीवर घट्ट, उजव्या हातानं पुढचा ब्रेक दाबलेला, मग न्यूट्रल. तापलेल्या इंजिनाला चोक द्यायचा नाही. चावी चालू ठेवून किक हळू दाबत जा आणि हेडलाईटच्या डब्यावरचा अँपिअरचा काटा बघा, तो डावीकडनं मधी आला की पॉइंट उघडलेत, पिस्टन वर आलाय. तिथं डीकॉम्प्रेशनचा, म्हंजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, लिव्हर दाबून किक अगदी किंचित पुढं न्या, लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग एकच सणसणीत, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर ती उलटी मारती आणि नडगीचा नाद खुळा होतो. चार-पाच किकांत झाली नाही तर अंगातला जोर वाया घालवू नका, प्लगची टोपी बघा, पेट्रोल रिझर्व्हला गेलंय का बघा, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का बघा. झाकण उघडून परत लावलं आणि गाडी चालू झाली असं माझं दोनदा झालंय.

वर बावड्यात पोचेपर्यंत दिवस मावळायच्या आत असाल तर उत्तम. जुन्या गाडीचा लाईट म्हंजे काजवा, आणि हळू चालवताना लाईट लावला की तो अँपिअरचा काटा डावीकडंच पडून असतो, म्हंजे बॅटरीतनं जातंय, भरत काय नाही. शिवाय ह्या पट्ट्यात गवे आहेत, दाजीपूर-राधानगरीकडं जास्त पण बावड्याच्या वाटेला पण येतात. एक गवा रस्ता ओलांडला म्हणून लगेच निघू नका, मागं कळप असतो. हॉर्न वाजवू नका, लाईट डोळ्यात मारू नका, उभं राहा, त्याचा रस्ता आहे, तो जाईल.

घरी आल्यावर गाडी लावून लगेच आत जाऊ नका, ऑईल तेव्हाच बघा. बुलेटचं ऑईल रात्रभर उभं राहिलं की ऑईलच्या कप्प्यातनं पंपाच्या वाटेनं खाली क्रँककेसमधी, इंजिनच्या तळाच्या डब्यात, उतरतं, सकाळी पट्टी काढून बघितली की कोरडी दिसती, आणि माणूस वरनं अर्धा लिटर ओततो. मग चालू केल्यावर जादा झालेलं सगळं ऑईल ब्रीदरच्या, म्हंजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतनं बाहेर, मागच्या टायरवर. मी ओतलेलं, फरशीवर डाग अजून आहे.